वीज गेली की बंद पडणारं पान

प्रिय सिग्ने,

पत्र म्हणजे फोन नव्हे, तेव्हा बाबा हरले असं समजून हुरळून जाऊ नकोस. आधी फोन कोणी करायचा यावर आपण दोघं हटून बसलो आहोत, ते तसंच आहे. तुम्हाला टूसॉनच्या वाळवंटात डिसेंबरातही कोट लागत नसेल. इथे तळं गोठलंय, शेजारच्या ड्वेनने बर्फाला भोक पाडून मासे धरायची झोपडी ओढत तळ्यावर नेलीय, आणि त्याच्या बायकोने दिलेला बटाटे-खिम्याचा हॉटडिश मी खाऊन खाऊन संपत नाहीये.

तळ्याची वेबसाइट अजून घरूनच चालते. तोच जुना कॉम्प्युटर, वरच्या मजल्यावर तुझ्या आईच्या टॉवेलांच्या कपाटात. ‘आर्विड, माझे टॉवेल तापतात,’ म्हणून ती कुरकुरायची, आणि आंघोळ झाली की नेमका त्यातलाच गरम टॉवेल ओढून घ्यायची. खिडकीतला कॅमेरा तळं दाखवतो, खाली मी रोज सकाळी एक ओळ लिहितो: बर्फ किती जाड, गाडी न्यावी की पायी जावं. शनिवारी सगळे मासेमार एकदम बघायला लागले की चित्र मुंगीच्या पावलांनी उतरतं. घरच्या ब्रॉडबँडचं असंच असतं, बाहेरचं आत धो धो येतं, आतलं बाहेर थेंब थेंब जातं. त्यात वीज जाऊन आली की कंपनी आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलते, आणि मी नवा पत्ता भरेपर्यंत पान कुणाला सापडत नाही. कंपनीतल्या बाईंनी तर एकदा फोनवर सुनावलं, ‘आजोबा, घरच्या जोडणीवर असले उद्योग चालत नाहीत.’ मी म्हटलं, बाई, मी तळं दाखवतोय, दारू नाही गाळत.

गेल्या मार्चच्या वादळात दोन दिवस वीज नव्हती, माझा फोनही मेला होता. मी लाकडाच्या शेगडीपाशी मजेत बसलो होतो, तर ड्वेन स्नोमोबिल घेऊन दारात हजर, दार फोडायच्याच बेतात. ‘म्हाताऱ्या, आहेस ना जिवंत? तुझं पान उघडत नाही!’ मी विचारलं, असल्या वादळात कोण निघालंय मासे मारायला? तेव्हा तो चाचरला. ड्वेनच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. कॉफीचा पहिला कप संपायच्या आत त्याने सांगून टाकलं की टूसॉनहून त्याच्या मोबाइलवर तुझा फोन आला होता, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

म्हणजे तू रोज सकाळी पान उघडत होतीस. आईच्या दफनानंतर तू म्हणालीस, ‘घर विका, माझ्याकडे चला.’ मी म्हटलं, तुझं तू बघ. त्यानंतर आपण बोललो नाही, पण तू बघत होतीस. मला फार बरं वाटलं, ते लिहूनच टाकतो. उन्हाळ्यात तळ्यावर बर्फ नसतो, तरी यंदा मी एक सकाळ चुकवली नाही. बदकाची पिल्लं, धक्क्यावरची निघालेली फळी, करपलेला टोस्ट, हे काही मासेमारांसाठी लिहीत नव्हतो. ड्वेन मात्र तेव्हापासून डोकं खातोय, ‘वेबसाइटी ठेवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या मशीनवर टाक ना, फुकट आहे. तुझी वीज जाऊ दे, उद्या तू खपलास तरी पान चालूच.’ मी म्हटलं, तेच तर नको.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात त्या कपाटाकडे जाताना जिन्यावरून घसरलो. हाड मोडलं नाही, पण जिना आता जमत नाही. घर विकलंय. सोमवारी मी गावातल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जातोय, तिथल्या खिडकीतून गाड्या धुतात ती जागा दिसते. कॅमेरा ड्वेनच्या खिडकीत जाईल, सकाळची ओळ तोच लिहील, आणि पान कंपनीच्या मशीनवर. ते आता बंद पडणार नाही, मी असलो काय नि नसलो काय. म्हणजे ते उघडून तुला माझं काहीच कळायचं नाही, फोनच करावा लागेल. नंबर जुनाच ठेवलाय. पहिल्या घंटीला उचलणार नाही, तेवढा ताठा राहू दे. दुसरीला उचलीन.

तुझाच,
बाबा