बोर्डासमोर लावलेलं बटन

बाबा, तुम्हाले जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहून राहिलो. कारखान्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, हे तुम्हाले माहीत नाही, बरंच आहे. तेव्हा अपंगत्व किती ते ठरवायले मेडिकल बोर्डानं बोलावलं, तर मी डॉक्टरसमोर पाण्याची भरली बादली उचलून दाखवली. "सब कर लेता हूँ साहब." त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि पेन्शनही तशीच बसली, नावापुरती. मालकानं हलक्या कामावर ठेवलं होतं, म्हणून मी बेफिकीर होतो.

ही अक्कल कोणाची? तुमचीच. रेल्वेच्या वर्कशॉपात ठोकठोक ऐकून तुमचे कान गेले होते. डॉक्टरी तपासणी जवळ आली का बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटता लाटता नुसते ओठ हलवून, डॉक्टर विचारतो तसे आकडे म्हणायची, आणि तुम्ही ओठ पाहून ओळखायचे. मी शेजारी जाऊन "बाबांले ऐकू येत नाही" सांगून आलो, तर केवढी थापड मारली होती! "आपलं कमी साहेबाले दिसू द्यायचं नाही, पोट्ट्या. दिसलं का माणूस बाजूले झाला." अजून गालाले आठवते.

होळीनंतर कारखान्यानं काढलं. दुसरीकडे हात पाहतात आणि "भैया, बाद में आना" म्हणतात. हाताची पकडही पार गेली. वर्षभर माझी बटनं तुमची सूनच लावून देते. म्हणून पुन्हा तपासा असा अर्ज केला. बोर्डाचा बाबू म्हणे, आता जे लिहिलं जाईल तेच पक्कं. निघताना ती म्हणाली, "तिथं हुशारी दाखवू नका. नाही होत तर नाही होत म्हणा. लाज काहून वाटते?" पोरगी म्हणाली, "पापा, बस सच बोलना."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "भैया, ऊपर का बटन लगाकर दिखाइए." मले फक्त 'नहीं होता' म्हणायचं होतं, बस. पण चार जण पाहून राहिले होते. मी हात गळ्याशी नेला, बटन दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा लागलं. "अरे वाह!" म्हणत मॅडम लिहायले लागल्या. "मॅडम, घर में नहीं होता," मी म्हटलं. "अभी तो किया न," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याले हाक गेली.

बाहेर बाकावर तुमची सून बसली होती. ते बटन सकाळी तिनंच मुद्दाम उघडं ठेवलं होतं. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता काय करू, बाबा? कोणाजवळ जाऊ? तुम्ही असते तरी काय केलं असतं म्हणा.

हे पत्र दवाखान्याच्या फायलीत ठेवून देतो, तिच्या हाती लागणार नाही असं, सगळ्यात खाली. कारण ते बटन लागलं ना, तेव्हा मले आनंद झाला होता.