दादांना जायला सांगितलं

हेंद्रेपाडा, बदलापूर
ता. ९ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. मालूताईस, हेमचंद्राचा शि. सा. न. वि. वि.

सुतक आहे, म्हणून वर श्री घातलेला नाही. दादा गेल्याचं माझं कार्ड वाचून फाडलं असशीलच. तुझा पाय मोडल्यामुळे येता आलं नाही, याची खंत करू नकोस.

सांगू नये असं एक आहे, पण सांगतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या राजाबाईंनी दादांच्या जागी, दिव्याजवळ, तांदळाचं पीठ पसरून वर मोठी टोपली पालथी घातली. जीव कोणत्या जन्माला गेला ते पिठावरच्या खुणेवरून कळतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली, तर एक मोठं पाऊल आणि त्याला लागून एक लहान. आमच्या कुंदाच्या पावलाएवढं. कुंदा तर आईच्या कुशीत होती, दाराला कडी होती. राजाबाई पीठ पुसून घरी गेल्या.

त्या दुपारपासून पोरीला ताप आहे. डॉक्टरांचं औषध लागू पडत नाही. करंगळी वर धरून पडून असते. शाळेत नेताना दादा तिची करंगळीच धरायचे. ताई, मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, तो तसाच राहावा.
तुझा हेमू

सातारा
ता. १२ नोव्हेंबर १९५३

चि. हेमूस अनेक आशीर्वाद.

मांजराला भिणारा तू, म्हणून हसणार होते. पण करंगळीचं वाचून पत्र खाली ठेवलं.

तरी दादा कसे होते ते आठव. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची, तू पाळण्यात. काडेपेटीच्या कारखान्यातली पाळी संपवून ते अंबरनाथहून चालत यायचे आणि माझी वेणी घालायचे, इतकी घट्ट की भुवया वर चढायच्या. लोक दुसऱ्या लग्नासाठी मागे लागले. मी रडून नको म्हटलं, तर तो विषय पुन्हा निघाला नाही. आपल्या दोघांचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. हात सोडायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. तेराव्याला दिवा उचलण्याआधी त्यांच्या जागी उभा राहून स्पष्ट सांग.

सौ. सुनेत्राला धीर दे. माया करत राहा.
तुझी ताई

हेंद्रेपाडा, बदलापूर
ता. १६ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. मालूताईस शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. कुंदा येणार नाही, तिला सोडा आणि तुम्ही जा, असं काल तेराव्याला मोठ्याने म्हणालो. त्यांनीच बांधलेल्या घरात. दिव्याची वातसुद्धा हलली नाही. संध्याकाळी कुंदाला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला.

जागी झाल्यावर तिने विचारलं, की आजोबांना का रागावलात? ते रडत रडत चपला शोधत होते म्हणे. चपला आणि छत्री आम्ही सकाळीच भटजींना दान दिली होती. ताई, मी दादांना अनवाणी घालवलं. पोर वाचली, पण मला अन्न गोड लागत नाही.

चुकलं असेल तर पदरात घे.
तुझा हेमू

सातारा
ता. २१ नोव्हेंबर १९५३

चि. हेमूस अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं खायचं नाही, म्हणून चौदा वर्षांत दादा माझ्याकडे पाण्याचा थेंब प्यायले नाहीत. ओसरीवर बसून परत जायचे. मूल काही झालं नाही.

पंधरा तारखेपासून भर दुपारी ओसरीवर कुणीतरी खाकरतं. खाकरणं त्यांचंच. मी कुबडी टेकत पाट मांडला, ताट वाढलं, दार लोटून आत बसले. नंतर पाहिलं तर भात तसाच, पण पेल्यातलं पाणी निम्म्यावर. हे म्हणतात मांजर असेल. म्हणू देत. मी रोज वाढते. हात धरून न्यावं असं लहान या घरात कुणी नाही, मग मी कशाला भिऊ?

कुंदाला पापा. हेमू, त्यांना परत बोलावू नकोस, एवढा लोभ कर.
तुझी ताई