दवाखान्याच्या भिंतीवरच्या रेघा

५ जानेवारी, सोमवार

जुना दवाखाना पाडणार! नोटीस दाराला डकवली आहे, तीही एका कोपऱ्याने सुटलेली. मी ती नीट दाबून बसवली, मग वाचली. कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद करायचा आहे. हरकत असल्यास लेखी द्यावी. सुनावणी २९ तारखेला.

हरकत आहे.

६ जानेवारी

अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यात आठवणीच फार झाल्या, फाडला. अधिकाऱ्याला त्यांचं काय! इथे लिहिते. बाटली घरून न्यायची. धुतलेली नसली तर निवृत्ती कंपाउंडर तशीच परत पाठवायचे. लाल औषध भरलं की बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे — एक खाच, एक डोस. बाहेरचं दगडी बाकडं मे महिन्यातही गार. ताप आला की मला आईपेक्षा त्या बाकड्याची ओढ लागायची.

अर्जात एकच मुद्दा ठेवला — पुराच्या रेघा. दर मोठ्या पुरानंतर निवृत्तीकाका दाराशेजारच्या भिंतीवर तेलरंगाने आडवी रेघ ओढत, खाली साल घालत. त्यांच्यानंतर जो शिपाई आला त्यानेही ओढली. अशा पाच. सगळ्यांत वर १९६९. मी नऊ वर्षांची होते. काकांनी मला तिच्याखाली उभं केलं आणि म्हणाले, "पोरी, तू तर बुडालीसच की!"

गोदावरी आमच्या गल्लीत किती चढली, याचा दुसरा पुरावा कुठेही नाही. म्हणून ही इमारत राहिली पाहिजे.

९ जानेवारी

दीपकने अर्जाची प्रत वाचली. चिडला. बिल्डर गल्लीतली सात घरं पाडून सात मजली इमारत बांधणार, त्यात आमचंही घर.

"आई, त्या रेघा सरकारी कागदावर आल्या की गल्ली पूररेषेच्या आत! मग एक वीट रचायची परवानगी मिळणार नाही."

"पाणी येतं तिथे सात मजले हवेतच कशाला?"

"लिफ्ट असेल. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझी मी बघते."

मुलाने आईची काळजी करावी, पण नदीला खोटं पाडून नाही.

१२ जानेवारी

भिंत रंगवली!!

पिस्ता रंग. आधी पत्र्याने खरवडून, पुट्टी भरून, वर दोन हात. रेघ तर सोडाच, रेघेचा व्रणसुद्धा नाही. पहारेकरी रंगनाथ हात पुसत उभा.

"बाई, साहेब लोक पाहणीला येणार म्हणे. घाण बरी दिसते का?"

"कोणी सांगितलं रंगवायला?"

जमिनीकडे बघत म्हणाला, "सगळ्यांचंच म्हणणं होतं."

साहेब येणार म्हटलं की आधी रंग द्यायचा, ही आपली जुनीच खोड. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी मीही मुलांकडून भिंती पुसून घेतल्यात. पण हे तेवढंच नाही. बिल्डरचाच हात!

फोटो? नाही. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पुरावा-पुरावा करून वर्ग डोक्यावर घेतला, आणि पर्समध्ये मोबाईल असून एक फोटो काढला नाही. रोज दिसतं त्याचा फोटो कोण काढतो!

१३ जानेवारी

रंगनाथ सकाळीच दारात. "बाई, मनाला लावून घेऊ नका. परत ओढतो ना रेघा. अंदाजे."

"अंदाजे?"

"इंचभर इकडे, इंचभर तिकडे. कोणाला कळतंय!"

"मला कळतंय," म्हटलं, आणि दार लावलं. नंतर चहा तरी विचारायला हवा होता, असं वाटलं.

१८ जानेवारी

गल्लीतल्या तृप्तीकडे हळदीकुंकू. तिच्या आजेसासूबाई, यशोदाबाई, पंच्याऐंशीच्या. गल्लीत एकोणसत्तरचा पूर समजत्या वयात पाहिलेल्या त्याच उरल्या. भांडी बाजारातले हंडे रात्रभर वाहत येऊन दारांवर कसे आपटत होते, ते त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलंय. सगळ्या बायकांसमोर विचारलं — पाणी कुठवर होतं?

"गुडघाभर."

"यशोदाबाई! तुम्ही माळ्यावर बसून होतात."

"लोणचं काढायला चढले होते."

"रात्रभर?"

"बरणी मोठी होती."

सगळ्या खो-खो हसल्या. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कशावर असतं तर. शेजारच्या लताबाई तर म्हणाल्या, "आपल्याकडे पाऊसच कुठे एवढा!" निघताना यशोदाबाईंनी मनगट धरलं. हळूच म्हणाल्या, "मंदे, मेलेल्या पाण्यासाठी जित्या माणसांशी वैर घेऊ नको."

उत्तर घरी आल्यावर सुचलं — पाणी मेलेलं नाही.

२२ जानेवारी

उरलेली पाच घरं फिरले. एकाकडे पाणी घोट्यापर्यंत, एकाकडे उंबऱ्याबाहेरच, एकाचा तर जन्मच पुरानंतरचा — हा शाळेत माझ्याच बाकावर बसायचा!

२५ जानेवारी

रथसप्तमी. एकटीने सांगायचं ठरवलं. साक्षीदार — मी. त्या वेळचं वय नऊ.

२८ जानेवारी

अर्ज वाचल्यापासून दीपक धड बोलत नाही. आज विचारलं, "उद्या येऊ का सोबत?" म्हटलं, "रजा वाया घालवू नकोस." तरी सकाळसाठी शर्टाला इस्त्री करत होता. अडवायलाच येत असेल. येऊ दे.

२९ जानेवारी

अधिकारी सभ्य होते. "मॅडम, भिंतीवर काहीच नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर इमारत कशी ठेवायची?" मग सवयीने विचारलं, "आणखी कोणी?"

मागे खुर्ची सरकली. दीपक.

"भिंत मी रंगवून घेतली. खाली पाच रेघा होत्या." मोबाईल पुढे केला. पाचही रेघांचे फोटो, प्रत्येकीला मापाची टेप लावून काढलेले.

"पुसायच्याच होत्या, तर मोजल्या कशाला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "फळा पुसायच्या आधी उतरवून घ्यायचं, अशी घरात शिस्त होती."

फोटो दाखल झाले. निकाल महिन्याभरात.

उद्यापासून गल्लीत आमच्याशी कोणी बोलणार नाही. दोघांशी.