मशीन थांबल्याच्या वेळा

९ जून, सोमवार

चालता चालता मशीन मधेच थांबतं, ते कशाने? मला सांगता येत नाही. बी.सी.ए. झाले, घरातली पहिली पदवी, वलगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांनी माझा फ्लेक्स लावला होता — आणि हे सांगता येत नाही!

आज तीनदा. ११.२०, १.०५, ४.४०. माऊसचा बाण जागेवर, स्क्रीनवरचं घड्याळ जागेवर. नम लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवासुद्धा विझत नाही. म्हणजे एखादा प्रोग्राम अडकलेला नाही, सगळं मशीनच गोठतं. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं. भरत आणलेला फॉर्म गेला.

आजपासून प्रत्येक वेळ इथे लिहिणार. काही तरी धागा सापडेलच.

१० जून

१०.५०, २.१५. मधले साडेतीन तास अगदी शहाण्यासारखं चाललं.

हे ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र सूर्यभानभाऊंचं. भातकुलीच्या स्टँडजवळ एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. दुसऱ्या वेळी मी बटण दाबून धरलेलं त्यांनी पाहिलं. लोक गेल्यावर म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर बटन दाबत जाऊ नको व पोरी. मशीन बिघडलं समजलं का लोक समोरच्या केंद्रात जातात. हसून सांगाचं — झालं, पावती पाचनंतर."

पावत्या पाचनंतर एकगठ्ठा काढायच्या ही इथली पद्धत. सारखा चालू-बंद केला की प्रिंटरची शाई वाळते, असं त्यांचं म्हणणं.

११ जून

९.५५, १२.३०, १२.४५ (पंधरा मिनिटांत दोनदा!), ५.१०.

शेजारच्या रसवंतीवाल्या साधनाताई म्हणाल्या, "माही मोटर चालू झाली का तुहा डब्बा बंद पडत असन." मी त्यांना दहा वेळा मोटर चालू-बंद करायला लावली. काही झालं नाही. दोन ग्लास रस मात्र प्यावा लागला.

१२ जून, गुरुवार

नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख. रांग रस्त्यापर्यंत. मशीन पाचदा थांबलं, वेळा नीट लिहिता आल्या नाहीत. एक लक्षात आहे — २.५०.

प्रतीक्षा नावाची मुलगी आईबरोबर आली होती, पलीकडच्या खेड्यातून. बारावीला एक्क्याऐंशी टक्के. कागदपत्रं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, एकेक कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये. आई माणिकबाई शेतमजुरी करतात. स्क्रीनकडे हात जोडूनच बसल्या होत्या. "मॅडम, बराबर भरजा. यंदा सीट लागली तं पोरगी शिकन, नाही तं हिचा मामा पाव्हणे घेऊन तयारच हाये."

प्रतीक्षा म्हणाली, "मामाले म्हणा, तुमालेच हौस असन तं तुमीच करा अजून एक."

रांगेतले सगळे हसले. मीही.

फी भरली गेली. शेवटचं बटण दाबलं आणि थांबलं. मागे चौदा माणसं. त्यांची गाडी तीनची, मग थेट संध्याकाळी. मी हसून म्हणाले, "झालं. जा तुम्ही. पावती पाठवते." पुन्हा चालू केल्यावर पाहिलं तर फी जमा दिसत होती. म्हणजे फॉर्म गेला असणार. तोवर पुढचा माणूस खुर्चीत बसला होता.

पाचनंतर चाळीस पावत्या निघाल्या. तिची फी भरल्याची निघाली. त्यांच्या गावच्या दूधवाल्याबरोबर पाठवून दिली.

१४ जून, शनिवार

सुटी घेतली नाही. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला. केवढी ती काळी माती! पंख्याच्या पात्यांवर थरच्या थर. रॅम काढून खोडरबराने तिचे पितळी दात पुसले. प्रोसेसरला नवीन पेस्ट लावली. चार तास सलग चालवलं, एकदाही थांबलं नाही.

जिंकले!

१६ जून

१०.२०. ११.४५. ३.३०.

काय बोलावं.

१९ जून

काल विंडोज नव्याने टाकलं. आज १२.१० ला थांबलं. म्हणजे सॉफ्टवेअर नाही. स्टँडवरच्या मोबाइलवाल्याकडून एसएमपीएस — करंट पुरवणारी पेटी — मागून आणून लावली. २.४० ला थांबलं. म्हणजे तीही नाही.

भाऊ म्हणाले, "कम्प्युटरच शिकली म्हणते नं तू?"

२१ जून

जेवताना बाबांनी विचारलं, "तुह्या शिक्षणात हे येत नसते काय व?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आज सहादा. वेळा लिहिण्यात आता काही अर्थ वाटत नाही.

२७ जून, शुक्रवार

अकोल्याला जाऊन आले. मशीन मुळात तिथल्याच एका दुकानात जोडून घेतलेलं. कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं. चादरीकडे बोट दाखवून कंडक्टर म्हणाला, "तुमचं अर्धं तिकीट, ह्या बाईचं लगेज." मूर्तिजापूरपर्यंत तो त्यावरच हसत होता.

दुकानवाले श्यामभाऊ. त्यांनी झाकण उघडलं, टॉर्च मारली, आणि दोन मिनिटांत —

"हे दुसरी रॅम कोनं लावली?"

माझ्या तोंडून निघालं, "माहीत नाही."

"लावनाराले अक्कल नव्हती. दोघीची स्पीड येगळी. एक पयते, एक चालते. दोघीले एका जुवाले जुपलं तं गाडी कुठंतरी अडनारच. कधी अडन, ते बाप्पा कोनी सांगू शकत नाही."

काढून टाकली. मशीन दुपारभर तिथेच चालवलं. एकदाही नाही.

ती रॅम मी लावली होती. मे महिन्याच्या शेवटी, मागच्या खोलीतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढून. फॉर्मचा हंगाम येतोय, मशीन थोडं जलद चालेल, लोकांना उन्हात कमी उभं राहावं लागेल म्हणून. भाऊंना विचारलं नव्हतं. नंतर खोडरबराने पुसून दोन्ही पुन्हा मीच बसवल्या. माती, मोटर, करंट, विंडोज — सगळ्यांवर संशय घेतला. हिच्यावर नाही. ही तर मी लोकांच्या भल्यासाठी लावलेली!

भाऊंना फक्त एवढंच सांगितलं, "रॅमचा प्रॉब्लेम होता, काढला." ते खूश. साधनाताईंनी पुन्हा रस पाजला.

३० जून, सोमवार

मशीन उत्तम चालतं आहे.

नर्सिंगची यादी लागली. ती पाहायला दोघी मायलेकी केंद्रात आल्या. प्रतीक्षाचं नाव नाही. माणिकबाई म्हणत होत्या, "खाली असन मॅडम, अजून खाली पाहा." मी शेवटपर्यंत खाली गेले. तिच्यापेक्षा सोळा टक्के कमी असलेल्या मुलीचं नाव आहे. मग तिचा अर्ज उघडला. फी जमा. अर्ज — अपूर्ण. शेवटचं बटण त्या दिवशी पोचलंच नव्हतं.

प्रतीक्षाने विचारलं, "पन तुमी तं झालं म्हनल्या होत्या नं?"

मी म्हणाले, "सर्व्हर."

१ जुलै

दिवसभर त्या २.५० कडे पाहते आहे. माझ्याच हाताने लिहिलेलं.

२ जुलै

तक्रारी अमरावतीच्या प्रवेश कार्यालयात सात तारखेपर्यंत घेतात. केंद्राची चूक केंद्राने लेखी कबूल केली तर अर्ज पुन्हा उघडतात म्हणे. नक्की नाही. पण उघडतात कधी कधी.

भाऊंशी बोलले. रॅमचंही सगळं सांगितलं. ते उठून दार लोटून आले. मग म्हणाले, "आपलं चुकलं असं लेहून दिलं तं केंद्र बंद होते. तुही फॉर्म भराची आयडी कायमची जाते. मंग तू कोन्या केंद्रात बसशीन? सर्व्हर बंद होता, असं लेह्य. सर्व्हर काही नाराज होत नाही." वाईट माणूस नाही. गेल्या वर्षी बाबांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात यांनीच नेलं होतं.

मी लिहिलं. "दि. १२ जून रोजी सर्व्हर बंद असल्याने अर्ज सादर होऊ शकला नाही." खाली सही, आयडी नंबर, केंद्राचा शिक्का. प्रतीक्षाने कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि थँक्यू मॅडम म्हणाली.

४ जुलै, शुक्रवार

दोघी अमरावतीहून परत येताना केंद्रात आल्या. पाणी दिलं, प्यायल्या नाहीत.

तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, त्या दिवशी सर्व्हर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होता, अडीच ते तीनमध्येच शेकड्यांनी फॉर्म आले. वर म्हणाले, "तुम्हीच विसरलात आणि आता केंद्राकडून खोटे कागद आणता? असल्या मुली उद्या पेशंटला काय औषध देतील?"

हे मला प्रतीक्षाने सांगितलं नाही. माणिकबाईंनी सांगितलं. प्रतीक्षा दाराकडे तोंड करून उभी होती. जाताना एवढंच म्हणाली, "मी खोटी नाही ना मॅडम? तुमाले माहीत हाये नं?"

भाऊ प्रिंटरमध्ये कागद भरत होते. भरतच राहिले.

५ जुलै

गाडीतून येताना प्रतीक्षाच्या गावच्या शिवारात बायांची ओळ दिसली, सोयाबीन निंदत होत्या. त्यांत एकीच्या अंगावर शाळेचा निळा शर्ट होता. ती नसेल. गाडी जोरात होती.

६ जुलै, रविवार

घरी सांगितलं. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "मशीन हाये, बिघडते. तू काहून अंगावर घेतं? दुनियेत लय लोकायचे फॉर्म राह्यतात. गुपचूप राह्य." मी म्हणाले, तुम्हीच तर शिकवलं खोटं बोलू नये. तर म्हणाले, "ते तू लहान होती तवा."

फ्लेक्सचं कापड आता आमच्या न्हाणीच्या छपरावर आहे. माझा फोटो आतल्या बाजूला येतो. अंघोळ करताना वर पाहिलं नाही.

७ जुलै, सोमवार

पहिल्या गाडीने अमरावतीला गेले. भाऊंना विचारलं नाही. साहेबांपुढे उभं राहून लिहून दिलं, खाली सही केली, आयडी नंबर टाकला: त्या दिवशी सर्व्हर चालू होता. मुलीने अर्ज वेळेत भरला होता. मशीन मी बिघडवलं होतं. पहिलं पत्र खोटं आहे, तेही मीच लिहिलं.