माझा कॅमेरा, हिचं खेळणं आणि आठशे मीटर

३ मार्च, सकाळी ७.१०

आजपासून निःपक्षपाती चाचणी सुरू. ‘निःपक्षपाती’खाली दोन रेघा मारल्या आहेत, कारण हा शब्द ऐकून ही आणि लेक दोघीही हसल्या.

मुद्दा असा. बावीस तारखेला लेकीची आठशे मीटरची फायनल. पहिल्या दोघींची वरच्या संघात निवड. प्रत्येक धावपटूमागे एकच पास, मैदानाच्या आत, फिनिश लाइनजवळ उभं राहायचा. बाकीच्यांनी स्टँडमध्ये बसायचं. आणि नेमका याच महिन्यात मेहुण्याने हिच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, वाढदिवसाला कॅमेरा पाठवला. ब्रिज कॅमेरा. साठ पट झूम. लेन्स बदलायची सोयच नाही. दुकानदार त्याला कॅमेरा म्हणतात, मी खेळणं म्हणतो.

माझा DSLR चौदा वर्षांचा आहे. पेपरच्या क्रीडा पानासाठी बारा वर्षं मी याच्यावर काम केलं. पेपरने मला सोडलं, याने नाही. आता स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढतो तेही याच्यावरच. ही त्याला सवत म्हणते.

पास कोणाला, हे चाचणी ठरवेल. ही म्हणाली की पास तुम्हीच घ्या, मला स्टँडमध्ये सावली मिळेल. मी म्हटलं, असं फुकटचं नको. गुणवत्तेवर घेईन.


४ मार्च

चाचणी पहिली: वजन. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर माझा कॅमेरा आणि तीनशे मिलिमीटरची लेन्स मिळून सव्वाचार किलो. खेळणं सहाशे ग्रॅम.

निष्कर्ष: वजनामुळे हात स्थिर राहतो. माझा कॅमेरा विजयी.

मानेला मलम लावलं. त्याचा याच्याशी संबंध नाही.


६ मार्च

चाचणी दुसरी: पल्ला. गॅलरीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. हिच्या फोटोत टाकीवरची अक्षरं वाचता आली: ‘झाकण उघडे ठेवू नये’. झाकण उघडं होतं, तेही दिसलं. हिने लगेच त्या सोसायटीत फोन केला, आणि तिथल्या सेक्रेटरीने आभार मानले.

माझ्या फोटोत टाकी आहे.

निष्कर्ष: खेळात जवळ जाणं हेच खरं झूम. बरोबरी.


७ मार्च

आज निकालच लागला म्हणायचा. चाचणी तिसरी: मागचं दृश्य. लेक जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. दोघांनी एकाच जागेवरून फोटो काढला. माझ्यात लेक लख्ख, आणि मागचं सगळं विरघळलेलं, तापल्या तव्यावरच्या लोण्यासारखं. हिच्यात मागचं सगळं जसंच्या तसं: दोरीवरचे कपडे, बादली, शेजाऱ्यांच्या चपला. जिन्यातल्या भिंतीवरच्या आरशात मी, बनियनवर, पाठ खाजवताना.

हिला समजावून सांगितलं. खेळण्याचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. माझा सेन्सर मोठा, तो नको ते पुसून टाकतो. ही म्हणाली, नको ते म्हणजे कोण? ही लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकातून रक्त बघते, हिला सगळंच स्पष्ट बघायची सवय.

नियम क्र. १: चित्रात नको ते दिसता कामा नये.


१० मार्च, सकाळी ६.३०, मैदान

लेकीचा सराव. दोन मिनिटं एकोणीस. दोन-सतरा तरी पाहिजे, असं तिच्या मॅडम म्हणतात. सगळे त्यांना शिट्टी मॅडम म्हणतात, कारण त्या शिट्टीनेच जास्त बोलतात.

आज मात्र शिट्टी बाजूला ठेवून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या की शेवटच्या वळणावर मुलगी तुम्हाला शोधते. तुम्ही दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात. तिची मान वळते, अर्धा सेकंद जातो. एका जागी उभे राहा आणि तिला दिसा.

मी मान्य केलं. लगेच तिकडच्या खांबाजवळ गेलो, तिथून प्रकाश चांगला होता.

परतताना लेकही तेच म्हणाली. म्हणाली, बाबा, पास तू घे, पण या वेळी फोटो राहू दे. तू नुसता बघ. वळणावरून मला तुझं तोंड कधी दिसतच नाही, ते काळं डबडंच दिसतं.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. व्यावसायिक लेन्स पांढऱ्याही मिळतात.


११ मार्च

नोंद राहून गेली. लेकीच्या फिनिशचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तीन वर्षांपूर्वी कार्ड भरलं. दोन वर्षांपूर्वी पंच मध्ये आले. गेल्या वर्षी जिंकणाऱ्या मुलीचे काका आले, हात वर करून. इतरांच्या मुलींचे हजार फोटो मी छापून आणले, आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी दर वेळी कोणाचा तरी खांदा.

दोष माझा नाही. तरी वाईट वाटतं. फार वाटतं.


१३ मार्च

शटर आजवर किती वेळा उघडलं ते मोजलं. तीन लाख शहाण्णव हजार. कंपनीचा शब्द चार लाखांचा. म्हणजे अजून चार हजार आहेत, भरपूर. तरीही खबरदारी म्हणून सरावाचे फोटो बंद. आज मैदानावर कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडाने क्लिक म्हटलं. शेजारी उभे असलेले एक आजोबा दूर जाऊन उभे राहिले.


१५ मार्च

चाचणी चौथी: कमी उजेड. बंदिस्त हॉलमध्ये दोघांचे फोटो. हिच्या फोटोत वाळू सांडल्यासारखे दाणे. माझा स्वच्छ. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

फायनल भर उन्हात आहे, असं ही म्हणाली. पण ढग येऊ शकतात.

शिवाय हिची एक खोड दाखवून दिली. प्रत्येक फोटोनंतर ही स्क्रीन बघते. पेपरात नव्याने येणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: शर्यत संपेपर्यंत स्क्रीनकडे बघायचं नाही. बघितलंत की शर्यत गेली.

नियम क्र. २, जाड अक्षरात लिहून फ्रिजवर लावला.


१७ मार्च

स्टुडिओत एका निवृत्त मास्तरांचा पासपोर्ट फोटो. बटण दाबलं आणि व्ह्यूफाइंडर काळा. आतला आरसा वर जाऊन तिथेच अडकला. मास्तर श्वास रोखून बसलेले, कारण मीच सांगितलं होतं. तळहाताने दोन चापट्या मारल्या, आरसा खाली आला. मास्तर लालबुंद आले आहेत, पण फोटो वापरता येईल.

घरी सांगितलं नाही. चाचणीच्या निःपक्षपातीपणावर परिणाम होईल.


१८ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पेपरपासूनचा दोस्त, आम्ही त्याला स्क्रू म्हणतो. त्याने कॅमेरा उघडला, आत बघितलं आणि झाकण अगदी हळू परत लावलं. म्हणाला, पार्ट आता येत नाहीत. चालेल तोवर चालेल. एकेक फोटो काढ, धडाधड काढू नकोस. मग म्हणाला, वहिनींकडे नवीन आलाय ना?

उचलली जीभ लावली टाळ्याला.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. हा बंद पडला तर मैदानावर मी कोण? कोणाचा तरी बाप, गर्दीतला. (हे वाक्य नंतर खोडायचं.)


२० मार्च

चाचणीचा अंतिम निकाल: माझा कॅमेरा तीन, खेळणं शून्य, एक बरोबरी. पास मला. ही म्हणाली, अभिनंदन, आणि पास फ्रिजवरून काढून माझ्या हातात दिला. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता.


२१ मार्च

लेकीने दोन घास खाऊन ताट सरकवलं. म्हणाली की पोटात फुलपाखरं नाहीत, विटा आहेत. मी तिला धीर दिला, सेटिंग्ज सगळ्या करून ठेवल्या आहेत म्हणून. तिने विचारलं, बाबा, तू बघशील ना? मी म्हटलं, डोळ्यात तेल घालून.

नंतर हिने हळूच विचारलं की सवतीची तब्येत बरी आहे ना. फर्स्ट क्लास, म्हटलं. ही म्हणाली, जोडीला माझाही गळ्यात घाला. मी म्हटलं, सेनापती दोन घोड्यांवर बसत नाही.

संकल्प: १) एका जागी उभं राहायचं. २) वळणावर लेक आली की कॅमेरा खाली, तोंड दाखवायचं. ३) मग शेवटच्या पन्नास मीटरला कॅमेरा वर. ४) स्क्रीनकडे बघायचं नाही.


२२ मार्च, सकाळी ८.४०

मैदानाच्या आत, खडूने आखलेल्या चौकोनात. समोर ट्रॅक, पलीकडे स्टँड. ही वरून चौथ्या रांगेत. हात हलवला. ढग नाहीत.

१०.१५

चाचणीसाठी एक फोटो. चालला.

१०.२०

आणखी एक. चालला. आता बस.

१०.५०

नावं पुकारली. लेक लेन पाचमध्ये. चेहरा पांढराफटक. माझे हात घामाने ओले, कॅमेरा निसटतोय. इतक्या मोठ्या स्पर्धा केल्या, असं कधी झालं नव्हतं.

१०.५८

आता लिहिणं बंद.


२२ मार्च, दुपारी ४.००

दुसरी आली. दोन मिनिटं सोळा. तिसरीपेक्षा फक्त तीन शतांश सेकंद पुढे. निवड झाली. झाली! मी ओरडलो, पण इतरांपेक्षा जरा उशिरा.

घडलं ते असं. पहिल्या फेरीत ती सहावी होती. शेवटच्या वळणावर चौथी. ठरल्याप्रमाणे मी कॅमेरा खाली घेणार होतो, पण तिसरीला मागे टाकतानाची फ्रेम इतकी सुंदर जमत होती की एकच घ्यावी म्हटलं. एकच घेतली. काळोख. आरसा अडकला. चापटी मारली. पुन्हा मारली. बॅटरी काढून घातली. मग ती एक फ्रेम तरी आली का, एवढंच बघायला उन्हाकडे पाठ करून स्क्रीनकडे पाहिलं. सहा-सात सेकंद, जास्त नाही. मान वर केली तेव्हा शर्यत संपली होती. लेक गवतावर पडलेली. कितवी आली, हे मी शेजारच्या पंचांना विचारलं. त्यांनी माझ्या गळ्यातला पास बघितला आणि मग सांगितलं.

शिट्टी मॅडम म्हणाल्या, वळणावर मान वळलीच.


२३ मार्च, सकाळी

हिने स्टँडमधून काढलेला फोटो सकाळी कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. परीक्षक म्हणून लिहितो: वेळ अचूक. लेकीची छाती रेषेवर, दोन्ही पाय हवेत, घामाचे थेंब मोजता येतात. नजर मात्र रेषेकडे नाही. डावीकडे आहे, आत, खडूच्या चौकोनाकडे.

आणि मागचं सगळं स्पष्ट. चौकोनात एक माणूस उभा आहे. तिच्याकडे पाठ, मान खाली, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हाताची सावली धरलेली. शर्टाची उसवलेली शिवणसुद्धा दिसते. टक्कलही.

माझ्या कॅमेऱ्यात हा माणूस विरघळला असता. चाचणी क्र. ३ चा निकाल अजूनही बरोबर आहे, एवढंच नोंदवतो.

दुपारी

लेकीला मोठी प्रिंट हवी होती. मी म्हटलं, मागचा तेवढा भाग कापतो, फोटो जास्त उठून दिसेल. ती म्हणाली, नको कापू. बाबा आहे त्यात.

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. सहज म्हणाली.

प्रिंट काढली. मशीनमधून ती बाहेर येईपर्यंत बघत उभा राहिलो. मग तिच्या टेबलासमोर लावून दिली.


२५ मार्च

पुढची शर्यत अठरा एप्रिलला. पास माझा, हे ही आपणहून म्हणाली. संकल्प एकच: गळ्यात काही नाही. रिकाम्या हाताने जायचं, एका जागी उभं राहायचं आणि बघायचं.

सायंकाळी ५.३०

स्क्रूला फोन केला होता. त्याच्या ओळखीत एकाकडे माझ्या कॅमेऱ्यासारखीच जुनी बॉडी आहे म्हणे, शटर फक्त दोन लाख. सोबत पांढरी लेन्स.

नुसतं विचारून ठेवलं. विचारायला काय जातंय.