आणखी तीन पायऱ्या

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं पार्सल मंगळवारी पोचलं. गुडघ्याचे पट्टे दोन, ताणायचे रबरी पट्टे दोन, रबरी तळाच्या चपला एक जोड (मापाच्या निघाल्या), आणि वहीचा एक कागद, त्यावर तुझ्या हातची व्यायामाची चित्रं नऊ. वरती बासष्ट रुपयांचं टपालाचं तिकीट. चपलांवरची किंमत तू खोडलीस, पण उजेडात धरली की दिसते. हिशेब लिहिणाऱ्या बाईपासून काय लपतंय! खर्च फार केलास. चिठ्ठी मात्र सगळं पार्सल झटकलं तरी सापडली नाही. बरोबरच आहे. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तू तरी का म्हणून लिहायचंस? माझ्या गुडघ्यांचं ह्यांनीच भाऊजींच्या कानावर घातलं असणार.

गुडघे झिजलेत म्हणतात डॉक्टर. सकाळी उठले की असे आखडलेले असतात की त्यापेक्षा गंजलेलं बिजागर बरं. देवापुढे मांडी घालून बसणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं. खुर्चीत बसून जप करते, देव चालवून घेतो. त्यात मुलाने पाय लांब करायची भलीमोठी आरामखुर्ची आणली आणि सूनबाईने मला तिच्यात बसवलं. पोर गुणाची आहे. पाण्याचा पेला हातात, औषध हातात, पडलेला चष्मासुद्धा मला वाकून उचलू देत नाही. हे चिडवतात, "राणीसरकार, सिंहासन सोडू नका, राज्य जाईल." चार महिने राज्य केलं, आणि पाचव्या महिन्यात स्वयंपाकघरापर्यंत जायला भिंत धरायला लागले.

मग दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "आजी, दुखतं म्हणून तुम्ही बसलात, आणि बसलात म्हणून जास्त दुखतंय. मांडीचे स्नायू गुडघ्याला धरून ठेवतात. त्यांनाच कामाला लावलं नाही, तर गुडघा कोणाच्या भरवशावर उभा राहील?" रोज थोडं चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, सोसेल तेवढंच. दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर कमी करायचं, पण सोडायचं नाही. ऐकता ऐकता आठवलं गं. हे सगळं मी पूर्वी ऐकलं होतं, तुझ्या तोंडून, आणि तुला शिव्या घातल्या होत्या.

तो दिवस तूही विसरली नसशील. मी न कळवता तुझ्याकडे आले, तर आपल्या सासूबाई जिन्याच्या मध्यावर, कठडा दोन्ही हातांनी धरलेला, डोळ्यांत पाणी. आणि तू वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी. "आणखी तीन, आई. तीनच." मी खालूनच तोंड सोडलं. शेजारपाजारचे दार उघडून बघायला लागले तरी थांबले नाही. "ही शाळेतली कवायत नाही, म्हातारं माणूस आहे," म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "ताई, महिन्यापूर्वी त्यांना एक पायरी चढता येत नव्हती." मला वाटलं, उलट उत्तर देतेस. मी थोरली, घराचं नाव राखणारी, सेवेचं पुण्य मला ठाऊक; तू शाळेत पगारावर कवायत शिकवणारी बाई. त्याच दिवशी गाडी करून मी त्यांना घेऊन आले.

आणि सेवा केली, धाकटे. देवाची शपथ घेऊन सांगते, अगदी मनापासून केली. ताट पुढ्यात, पाण्याचं भांडं उशाशी, आंघोळसुद्धा स्टुलावर बसवून. पाय खाली टेकायची वेळ येऊ दिली नाही. सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी! मला ते गोड लागायचं. सहा महिन्यांत त्या उभ्या राहीनाशा झाल्या, वर्षात गुडघे वाकलेलेच राहिले. मी म्हणायची, वय झालं. त्या अंथरुणावरच गेल्या, तेव्हाही तेच म्हटलं. परवा सूनबाईला म्हटलं, "मला उठू दे गं," तर तिचा चेहरा एवढासा झाला. "माझं काही चुकलं का आई?" तिला काय सांगू? तिच्या जागी मला मीच दिसत होते. दुसऱ्या दिवशी हात धरून तिला शेजारी बसवलं आणि सासूबाईंचं सगळं सांगितलं. आता ती पेला मुद्दाम टेबलाच्या पलीकडे ठेवते, आणि मी उठते. कुरकुरत, पण उठते.

तिलाही न सांगितलेली गोष्ट तुला सांगायची आहे, त्यासाठीच हे पत्र. तू दोनदा त्यांना भेटायला माझ्याकडे आलीस. पहिल्यांदा मी म्हटलं, आई झोपल्यात. त्या जाग्या होत्या. दुसऱ्यांदा म्हटलं, त्यांनी तुझं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलंय. ते खोटं होतं. इकडे आल्यावर तिसऱ्या महिन्यात, मी त्यांची वेणी घालत असताना, त्या म्हणाल्या होत्या, "मला धाकटीकडे सोड. रागावते ती, पण तिथे माझी मी संडासला जात होते." मी विचारलं, इथे काय कमी पडतंय? नंतर एकदा त्यांनी पुन्हा म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग त्यांनी मागणं सोडलं. तू गेली अकरा वर्षं समजत असशील, आई आपल्यावर रागावून गेल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना तुझ्याकडेच यायचं होतं. हे फोनवर सांगायची माझी छाती नाही. पत्र सूनबाईजवळ देणार नाही. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत माझी मी चालत जाईन, लागू दे अर्धा तास. माफ कर म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. नुसतं "वाचलं" एवढं लिहिलंस तरी पुरे, पण उलट टपाली कळव.

तुझीच,
थोरली