वहिनीने बनवलेला पाय

दि. ३ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत, ते आधी कळव. माझं डोकं नुसतं तापलंय. कृत्रिम पायांच्या कारखान्यात चौदा वर्षं मी प्लास्टर कालवतेय, आणि दादाची बायको मोठी पदवी घेऊन येते नि थेट माझी वरिष्ठ होते! घरी आईच्या तोंडी दिवसभर सूनबाईंचं कौतुक. काल पाहुण्यांना म्हणाली, आमची बारकीही तिथेच असते, सूनबाईंच्या हाताखाली. हाताखाली!

आता ऐक. वहिनीने एका निवृत्त मास्तरांचा पाय बनवला. मांडी ज्यात बसते तो साचा आतून तंग झालाय, हे मला बघताक्षणी कळलं. मी गप्प बसले. म्हटलं, पदवीवाल्यांना कळेल की! आठ दिवसांत मास्तरांना जखम झाली. वहिनीचं तोंड एवढंसं झालं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. प्रार्थनेला बसले की मात्र शब्द फुटत नाही. माझं एवढं काय चुकलं, तूच सांग.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी बारकी

दि. ८ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे गेले चुलीत. काय चुकलं म्हणून वर मलाच विचारतेस? अगं, तुम्हा दोघींच्या चढाओढीत कातडी सोलली ती तिसऱ्याची! आई बोलली ते वाईटच. तिला वेगळं खरमरीत पत्र टाकलंय. पण देवाने तुला हात दिले, ते काय वहिनीच्या हातांशी मापून दिले? येशूचा शिष्य पेत्र, त्यानेही मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवलं होतं, याचं काय म्हणून. प्रभूने सरळ सुनावलं, त्याचं तुला काय, तू माझ्यामागे चाल. मीही सुईण असताना दवाखान्यातल्या नर्सबाईंवर वर्षानुवर्षं जळले. हाती काय आलं? पित्त!

आधी मास्तरांकडे जा, मग वहिनीकडे. शब्द नंतर फुटतील.

बोलले म्हणून माया आटली असं समजू नकोस.
तुझी मावशी

दि. २९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेले होते दोघांकडे, सगळं कबूल केलं. मास्तर म्हणाले, बाई, वर्गात ठाऊक असून गप्प बसणाऱ्यालाही मी शिक्षा करायचो. वहिनी तर कडाडलीच. राग माझ्यावर होता तर माझं डोकं फोडायचंस, त्यांची मांडी कशाला, म्हणाली. चौथ्या दिवशी प्लास्टरची बादली माझ्यापुढे आपटून म्हणाली, दाखव, हात कसा फिरवतेस.

मी दाखवलं. मग पाय जोडताना कंबरेचा तोल कसा साधायचा, ते तिने मला समजावलं. चौदा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, मावशी! मत्सराचा काटा पुन्हा टोचला. बादली धुताना एवढंच म्हटलं, प्रभू, मी कोण ते तुला माहीत आहे, मला पुरे. आणि रडू फुटलं. काटा अजून अधूनमधून टोचतो. तेव्हा तेच पुन्हा म्हणते.

जखम भरल्यावर आम्ही दोघींनी नवा पाय केला. काल मास्तर चालायच्या सरावाच्या दांड्या धरून उभे राहिले, दोन पावलं टाकली, आणि दांड्या सोडून थेट दाराकडे निघाले. वहिनी आधी ओरडली की मी, आठवत नाही. आम्ही धावलो तोवर ते रस्त्यावर पोचले होते.

तुझ्या रागाची अशीच गरज पडत राहील, तेवढा राखून ठेव.
तुझी बारकी